बिनआवाजाची काडतुसं

माझ्या मामाला बंदुकीच्या आवाजाची भीती वाटायची. भीती कुणाला कशाचीही वाटू शकते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण मामाचं दुकानच बंदुका दुरुस्त करायचं होतं. वडिलांचं चालत आलेलं दुकान, एकुलता एक मुलगा, त्यामुळे सुटका नव्हती. दुरुस्त केलेली बंदूक गिऱ्हाइकाला देण्याआधी मागच्या अंगणात वाळूच्या पिंपात उडवून बघावी लागते. ते काम निघालं की मामाला हटकून बाजारातून काहीतरी आणायचं आठवायचं.

मामी लग्न होऊन आली ती शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बापाच्या घरून. लहानपणापासून तेल, स्क्रू आणि स्प्रिंगा यांच्यातच वाढलेली. सुरुवातीला ती दुकानात डबा द्यायला यायची. मग डबा देऊन बसायची. मग एके दिवशी मामा बाजारातून परत आला तेव्हा मामी अंगणात उभी होती, वाळूच्या पिंपातून धूर येत होता आणि गिऱ्हाईक खूश होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून दोघांनी न बोलता कामं वाटून घेतली. मामा पुढे बसून गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा आणि मामी मागच्या टेबलाशी बंदुका उघडायची. गाव तिला मिस्त्रीणबाई म्हणायला लागलं.

मी तिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई होते तेव्हा माझी कारखान्यातली नोकरी सुटली. मामी म्हणाली, "घरी बसून नवऱ्याचं डोकं खाशील, त्यापेक्षा इथे ये." मी गेले, आणि अजून तिथेच आहे.

मामीला फुशारकी मारायला मनापासून आवडायचं. आपल्याइतका हात कुणाचा चालत नाही, हे ती स्वतःच सांगायची, म्हणजे दुसऱ्याला सांगायचे कष्ट नकोत. आणि दुसरा तिचा छंद म्हणजे अगदी साळसूद चेहऱ्याने थापा मारणं. हे काम कुठे शिकलात, असं कुणी विचारलं की दर वेळी नवीन उत्तर. एकाला तिने सांगितलं की ती सर्कशीत होती. दुसऱ्याला सांगितलं की पहिला नवरा दरोडेखोर होता, फार प्रेमळ माणूस, पण घरी कमी असायचा. मामा समोरच बसलेला. गिऱ्हाइकाने त्याच्याकडे सहानुभूतीने पाहिलं, आणि मामानेही मान खाली घालून ती सहानुभूती घेतली.

एका बाबतीत मात्र तिच्याशी थट्टा चालायची नाही. बंदूक कुणाचीही असो, कितीही शपथा घेऊन कुणी ती रिकामी आहे म्हणो, टेबलावर ठेवायच्या आधी उघडून आत डोळ्याने बघायचं आणि मग करंगळी घालून बघायचं. डोळा फसतो, करंगळी फसत नाही, असं ती म्हणायची.

मोजणीसाहेब पहिल्यांदा दुकानात आले ते याच गोष्टीवरून लक्षात राहिले. जमिनी मोजायच्या खात्यातून निवृत्त झालेले, उंच, ताठ, मिशीला कंगवा लावणारे गृहस्थ. गावाबाहेर द्राक्षांचे मळे सुरू होतात तिथे त्यांचं दुमजली घर, आणि घरामागे थोडी स्वतःची द्राक्षं. त्यांनी पंपाची बंदूक काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "रिकामी आहे."

मामीने बाजूची कळ दाबून पुढची मूठ मागे ओढली. खचाक आवाज झाला आणि एक लालभडक, जिवंत काडतूस टुणकन उडून काउंटरवरून गडगडत मामासमोर जाऊन थांबलं. मामा क्षणभर दिसेनासा झाला. तो काउंटरखाली होता.

मामी साहेबांकडे बघत राहिली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "साहेब, तुमच्या मोजणीत एक कमी पडला."

साहेबांच्या मिशीचा ताठा गेला. पुढे कधीही ते दुकानात आले की दारातच थांबायचे, बंदूक उघडून दाखवायचे आणि आत यायची परवानगी मागायचे.

त्यांची तक्रार अशी होती. पंपाच्या बंदुकीला दोन नळ्या असतात, एकीखाली एक. वरच्या नळीतून छर्रे सुटतात. खालच्या नळीत काडतुसं एकामागे एक आगगाडीच्या डब्यांसारखी निजलेली असतात आणि त्यांच्यापुढे एक लांब स्प्रिंग त्यांना मागे ढकलत असते. आपण पोटाकडून अंगठ्याने काडतूस आत सारायचं; ते आत गेलं की बाजूची एक छोटी पट्टी टक करून आडवी येते आणि त्याला धरून ठेवते. मूठ मागेपुढे केली की ती पट्टी एकेक काडतूस सोडते, दुसरी पट्टी ते वर उचलते आणि वरच्या नळीत पोचवते. साहेबांच्या बंदुकीत काडतूस आत जायचं, पण राहायचं नाही. अंगठा काढला रे काढला की ते मागच्या पावली बाहेर यायचं आणि साहेबांच्या पायावर पडायचं.

मामीने पट्टीला बोट लावून पाहिलं. ती चिकटून बसली होती. "तेल किती घालता?"

"भरपूर," साहेब अभिमानाने म्हणाले.

मग मामीने त्यांना तेलावर व्याख्यान दिलं. जास्तीचं तेल सुकतं, धूळ धरतं आणि त्याचा डिंक होतो. बंदुकीला तेल डोळ्यात काजळ घालावं तसं घालायचं, अंघोळ घालायची नाही. साहेब शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. मामीने पट्टी काढून रॉकेलमध्ये धुतली, पुसली, पुन्हा बसवली. मग तिने आपली चाचणीची काडतुसं काढली. ही तिने स्वतः लाकडाची कातून घेतलेली, लाल रंग दिलेली, खालच्या टोकाला पितळी टोपी ठोकलेली खोटी काडतुसं. आकार आणि वजन अगदी खऱ्यासारखं, फक्त आत दारू नाही. भरून, पंप मारून, बाहेर काढून, पुन्हा भरून तिने बंदूक दोन-चारदा चालवली. एकही अडलं नाही. साहेब खूश होऊन गेले.

महिना झाला नसेल, साहेब पुन्हा दारात. तीच तक्रार. आता मात्र प्रश्न नुसत्या बंदुकीचा राहिला नव्हता. त्यांच्या अब्रूचाही प्रश्न झाला होता. आजूबाजूच्या मळेवाल्यांत चालती बंदूक फक्त साहेबांकडे, त्यामुळे द्राक्षं गोड व्हायला लागली आणि भोरड्यांचे थवे उतरायला लागले की सगळे त्यांच्याकडे बघायचे. रोज दुपारी साहेबांनी मळ्यामळ्यांतून फिरून बार काढायचे आणि पाखरं उडवायची, असं ठरलं होतं. आणि इथे काडतूस पायावर पडत होतं.

मामीने पुन्हा पट्टी काढली. पुन्हा चिकटलेली. या वेळी तिच्या कडेला जांभळट पापुद्रे होते. मी वाकून बघितलं आणि म्हटलं, "मामी, हे नेलपॉलिश आहे."

मामीने माझ्याकडे कीव करणाऱ्या नजरेने पाहिलं. जन्मात तिने नखं रंगवली नव्हती. तिच्या नखांत कायम काळं तेल. "कारखान्यातला रंग असतो तो," ती म्हणाली. "गंज धरू नये म्हणून लावतात." आणि तिने पट्टीच बदलली, पट्टीमागची बारकी स्प्रिंगही बदलली, आणि साहेबांना सांगितलं की आता ही बंदूक तुमच्या नातवंडांपर्यंत बिघडायची नाही.

साहेबांना नातवंडं नव्हती, आणि बंदूकही पुढच्या आठवड्यात परत आली.

त्या आठवड्यात न्हाव्याच्या दुकानात बोललं जाऊ लागलं होतं की मिस्त्रीणबाईंचा हात आता पूर्वीसारखा राहिला नाही. मामा दाढी करायला गेला होता, त्याने हे ऐकलं, आणि भोळेपणाने घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. मामीने त्या दिवशी त्याला भाजी वाढली, पण चमचा ताटावर आपटून.

त्यामुळे साहेब तिसऱ्यांदा आले तेव्हा मामीचा चेहरा बघण्यासारखा होता. या वेळी रोग वेगळा होता. काडतूस आतच जात नव्हतं. मामीने लाकडी काडतूस अंगठ्याने दाबलं. अर्धवट गेलं आणि भिंतीला टेकल्यासारखं थांबलं. तिने साहेबांना दोन दिवसांनी यायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि खालच्या नळीच्या तोंडाचं बूच काढायला घेतलं. ते बूच काढताना आतली स्प्रिंग उडी मारते, म्हणून तोंडावर फडकं धरून हळूहळू सोडायची असते. मामीने सोडली. फडक्यात स्प्रिंग आली, आणि स्प्रिंगच्या पोटातून एक लाकडी दांडी आली.

आम्ही तिघं त्या दांडीकडे बघत राहिलो. चांगली गुळगुळीत, एका टोकाला करवतीने कापलेली, दुसऱ्या टोकाला गोल भोक. स्प्रिंग दाबली जाऊच नये इतक्या लांबीची.

मामा बराच विचार करून म्हणाला, "उंदराने नेली असेल का?"

"हो," मामी म्हणाली. "आणि खिळ्याला टांगता यावी म्हणून भोकही त्यानेच पाडलं असेल."

तो स्वयंपाकघरातल्या लाकडी चमच्याचा दांडा होता. मामीने मग तो जुना चिकट पट्टीचा तुकडा भंगाराच्या डब्यातून शोधून काढला, उजेडात धरला, नाकाशी नेला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "नेलपॉलिश आहे हे." जणू काही मीच इतके दिवस नाही म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन साहेबांच्या घरी गेली. बंदूक कुठे ठेवता ती जागा बघायची आहे, दमट असेल तर लोखंड फुगतं, असं तिने साहेबांना सांगितलं. लोखंड फुगतं हे साहेबांनाही नवीन होतं, पण तेलाच्या व्याख्यानानंतर त्यांची प्रश्न विचारायची हिंमत गेली होती. त्यांनी वरच्या मजल्यावरचं कपाट दाखवलं. कपाट कोरडं ठणठणीत होतं. मामीने आत डोकं घालून गंभीरपणे हुंकार भरले आणि घरात आणखी कोण असतं म्हणून विचारलं.

घरात साहेबांची थोरली बहीण होती. साहेब विधुर, बहिणीने लग्नच केलं नव्हतं. टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती, आयुष्यभर रात्रपाळी केलेली. ती खाली स्वयंपाकघरात चहा करत होती. सत्तरीची, बारीक चणीची, केस कापलेली बाई. तिने आम्हाला बसायला सांगितलं आणि साहेबांना दुकानातून बिस्किटं आणायला पिटाळलं. साहेब, ज्यांना बघून गावातली कुत्री बाजूला व्हायची, ते पिशवी घेऊन निमूटपणे गेले.

मामी त्यांच्या हातांकडे बघत होती. थोरलीबाई चहा ढवळत होत्या तो चमचा लाकडी होता आणि दांड्याच्या जागी जेमतेम बोटभर थोटूक उरलं होतं. हात भाजू नये म्हणून त्यांनी ते फडक्यात धरलं होतं. मग मामीची नजर खाली गेली. सपातांतून थोरलीबाईंच्या पायाची बोटं दिसत होती. दहाच्या दहा नखं जांभळी.

"रंग छान आहे," मामी म्हणाली.

"टिकतो पण," थोरलीबाई म्हणाल्या. "लोखंडावर तर फारच टिकतो."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि मग एकदम हसायला लागल्या. चहा उतू गेला.

थोरलीबाईंनी काहीच लपवलं नाही. चाळीस वर्षं रात्री जागल्यावर शरीराला दुपारीच झोप येते, ती सवय मोडता येत नाही. डोळा लागतो न लागतो तोच भाऊ खिडकीखालून बार काढत निघतो. दोनदा त्या दचकून पलंगावरून खाली पडल्या होत्या. भावाला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, लोकांचं काम आहे, नाही कसं म्हणू. मग त्यांनी स्वतःच मार्ग काढला. बंदूक रिकामी करून ठेवायची शिस्त मामीने लावली होतीच. बंदुकीबरोबर आलेलं माहितीपत्रक कपाटात होतं. त्यात शेवटच्या पानांवर काडतूस भरताना येणाऱ्या अडचणी आणि त्यांची कारणं दिली होती. थोरलीबाईंनी ते पान नीट वाचलं आणि एकेक कारण तयार करायला घेतलं.

"पट्टी चिकटणं झालं, नळीत अडथळा झाला," त्या म्हणाल्या. "आता स्प्रिंग आखूड करणं राहिलंय. पण तू फार लवकर दुरुस्त करतेस, बाई. माझी नुसती धावपळ होते. जरा कमी चांगलं काम करत जा ना."

मामीला हसू आवरेना, पण शेवटचं वाक्य तिला लागलं, ते मला दिसलं. कमी चांगलं काम कर, असं तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात साहेब बिस्किटं घेऊन आले आणि विषय हवापाण्यावर गेला. निघताना साहेब आम्हाला सोडायला फाटकापर्यंत आले. तिथे त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मिस्त्रीणबाई, बंदुकीची घाई करू नका. द्राक्षं उतरेपर्यंत तुमच्याकडेच राहू दे."

मामीने कारण विचारलं. साहेबांनी आधी मिशीवर हात फिरवला, मग सदऱ्याची गुंडी सोडून खांदा दाखवला. खांदा काळानिळा पडला होता. बंदुकीचा धक्का आता वयाला सोसत नव्हता. पण खरं कारण त्यांनी नंतर सांगितलं, जमिनीकडे बघत. गेल्या हंगामात एकदा त्यांचा नेम चुकला. ते नेहमी पाखरांच्या बाजूला हवेत मारायचे, त्या दिवशी एक भोरडी मध्ये आली. ती वाटेवर पडली तेव्हा तिचा डोळा उघडा होता. साहेबांनी ती वेलाखाली पुरली, आणि संध्याकाळी मळेवाल्यांनी विचारलं तेव्हा सात पाडल्या म्हणून सांगितलं. तेव्हापासून सगळे त्यांना पाखरांचा कर्दनकाळ म्हणतात, आणि तेव्हापासून त्यांना ती बंदूक हातात धरवत नाही. बिघडते आहे हे त्यांना देवाने दिल्यासारखं वाटत होतं.

"पण हे ताईला कळू देऊ नका," ते म्हणाले. "तिला माझा फार अभिमान आहे."

घरी परत येताना मामी वाटभर हसली. रस्त्यावर दोनदा थांबून हसली. पण दुकानात येऊन बसली आणि बंदूक समोर दिसली तशी तिचं हसू गेलं. बहिणीला बंदूक बिघडलेली हवी, भावालाही बिघडलेलीच हवी, आणि न्हाव्याच्या दुकानात नाव कुणाचं खराब होणार, तर मामीचं.

मामाने सुचवलं की सरळ सांगून टाकू, भाग मिळत नाहीत. मामीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो हिशेबाच्या कामाला लागला. तिच्या टेबलावरून बिघडलेली बंदूक बिघडलेलीच परत गेली, असं झालं नव्हतं आणि होणारही नव्हतं. बंदूक तिने पुसून लख्ख केली, स्प्रिंग तपासली, नळी आतून घासली आणि दोन दिवस उगाचच पुन्हा पुन्हा उघडून बंद केली.

मार्ग सापडला तो मामामुळे, हे मामी नंतर कधीच कबूल करायची नाही, म्हणून मी सांगते. मामी अंगणात उभी राहून लाकडी काडतुसांनी पंप चालवून बघत होती. मामा दारात होता. खचाक असा आवाज झाला आणि मामाने दोन्ही कानांत बोटं घातली. त्याच क्षणी भिंतीवरच्या चिमण्या आणि साळुंक्या भुर्रकन उडून गेल्या.

"अहो, लाकडी आहेत ही," मामी वैतागून म्हणाली. "आवाज कुठे होणारे?"

मामा बोटं न काढताच म्हणाला, "मला काय माहीत? खचाकनंतर धडाम होतं, एवढंच मला माहितीये. त्यांनाही तेवढंच माहितीये."

मामी त्याच्याकडे बघत राहिली. मग रिकाम्या भिंतीकडे. पाखरं परत येऊन बसेपर्यंत ती तशीच थांबली आणि मग तिने पुन्हा एकदा खचाक केलं. पाखरं गेली. मामाच्या बोटांची जागा हललीच नव्हती.

साहेबांना तिने दुसऱ्याच दिवशी बोलावलं, बंदूक आणि मूठभर लाकडी काडतुसं हातात दिली आणि मळ्यात घेऊन गेली. मीही गेले, असलं काही चुकवणारी मी नव्हे. दुपारची वेळ होती. दोघं-तिघं मळेवाले बांधावर बसलेच होते, मिस्त्रीणबाई स्वतः आली म्हटल्यावर तेही मागोमाग आले. वेलांवर भोरड्या अशा बसल्या होत्या की घडांपेक्षा त्याच जास्त दिसत होत्या.

साहेबांनी लाकडी काडतुसं एकेक करून भरली. टक, टक, टक. एकही पायावर आलं नाही. मामीने मळेवाल्यांकडे असं पाहिलं की बघून घ्या आणि जाऊन न्हाव्याला सांगा. मग साहेबांनी ताठ उभं राहून बंदूक आडवी धरली आणि पंप मारला.

गेल्या हंगामात त्या आवाजानंतर काय होतं हे भोरड्या चांगलं शिकल्या होत्या. अख्खा थवा चादर झटकावी तसा उठला आणि नदीच्या दिशेने गेला. साहेबांनी पुढच्या मळ्यात जाऊन पुन्हा पंप मारला. तिथेही तेच. साहेबांच्या चेहऱ्यावर इतकं सुख मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

अडचण एकच झाली. पंप मारला की आधीचं काडतूस बाजूने बाहेर पडतं. मळेवाल्यांमधला सगळ्यात चौकस, जाड भिंगांचा चष्मा लावणारा एक जण होता, त्याने मातीतून एक उचललं. वर फेकून झेललं. नखाने खरवडलं. लाल रंगाखालून लाकूड दिसलं.

"हे लाकडाचं आहे," तो म्हणाला.

साहेबांनी बंदूक पाठीमागे घेतली. मी सरळ वेलांमध्ये बघायला लागले. मामीने मात्र चष्मेवाल्याच्या हातातून काडतूस घेतलं, पदराने पुसलं आणि पिशवीत टाकलं.

"नवीन आलीत," ती म्हणाली. "बिनआवाजाची. जपून हाताळायची असतात."

चष्मेवाल्याने चष्मा वर सरकवला. आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट जगात निघाली आहे, हे चारचौघांत कबूल करणं त्याच्या स्वभावात नव्हतं. त्याने हळूहळू मान हलवली. "हां," तो म्हणाला, "ऐकलं होतं मी याबद्दल."

साहेबांना खोकला आला आणि तो बराच वेळ थांबेना.

पुढे तो हंगाम फार सुखाचा गेला. साहेब रोज दुपारी मळ्यांतून फिरायचे, खचाक-खचाक करत, कर्दनकाळासारखे. थोरलीबाई पंख्याखाली गाढ झोपायच्या. भावाची बंदूक आता ठणठणीत असूनही बार का होत नाही, हे त्यांना मामीने सांगितलं होतं. भावाच्या मनातलं काय ते मात्र सांगितलं नाही. तसंच भावाला नेलपॉलिशचं सांगितलं नाही. दोघांचीही गुपितं पोटात ठेवून मामी अधूनमधून त्यांच्याकडे चहाला जायची आणि दोघांच्या मध्ये बसून सभ्यपणे बिस्किटं खायची. तिच्या आयुष्यातला तो सर्वांत आनंदाचा काळ असावा असं मला वाटतं.

चष्मेवाला मात्र आठवड्याभरातच दुकानात आला. त्याने साहेबांच्या मळ्यात झालेला चमत्कार पाहिला होता आणि त्याला माळ्यावर पडून असलेल्या स्वतःच्या जुन्या दुनळी बंदुकीसाठी डबाभर बिनआवाजाची काडतुसं हवी होती. मामाने कपाळाला हात लावला. दुनळी बंदुकीला पंप नसतो, म्हणजे खचाकही नाही आणि धडामही नाही. मामीने त्याला ती दिली नाहीत. ती म्हणाली, ही उडवायला वेगळा परवाना लागतो. तो परवान्याची चौकशी करायला निघाला तेव्हा मामीला पहिल्यांदा स्वतःच्या थापेची भीती वाटली आणि ती अनवाणी त्याच्यामागे धावत गेली. रस्त्यात गाठून तिने त्याला काय सांगितलं ते मला कळलं नाही. पण त्याने परत कधी विचारलं नाही, आणि तेव्हापासून आमच्या दुकानासमोरून जाताना तो आवाज न करता, दबक्या पावलांनी जायचा.

पाखरं काही मूर्ख नसतात. पुढच्या हंगामात त्यांना कळलं की खचाकनंतर काहीच होत नाही. साहेब पंप मारायचे आणि भोरड्या मान वाकडी करून बघायच्या. एक तर म्हणे पंप चालू असताना त्यांच्या टोपीवर येऊन बसली. मळेवाल्यांनी मग शहाणपणाने वेलांवर जाळ्या टाकल्या आणि कर्दनकाळाची नोकरी संपली.

गुपितं फुटली ती त्याच सुमारास, आणि मामीनेच फोडली. बहीण-भावाचं घराला कुठला रंग द्यायचा यावरून भांडण झालं होतं. मामी आणि मी चहाला गेलो तेव्हा दोघं एकमेकांना आपण काय काय सोसलं ते ऐकवत होते. थोरलीबाई म्हणाल्या, मी तुझ्या बारांपायी झोप घालवली. साहेब म्हणाले, मी लोकांसाठी खांदा मोडून घेतला, आणि घरात कुणाला कौतुक नाही. मामीने बराच वेळ ऐकून घेतलं. मग तिने कप खाली ठेवला आणि अगदी शांतपणे, हवामान सांगावं तसं, एकाचं दुसऱ्याला सांगून टाकलं. नेलपॉलिश, चमचा, खांदा, वेलाखालची भोरडी, सगळं.

साहेब बहिणीच्या पायांकडे बघत होते. नखं त्या दिवशी केशरी होती.

"एका शब्दाने सांगायचंस तरी," थोरलीबाई शेवटी म्हणाल्या.

"तू तरी कुठे सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, लोकांचं काम आहे."

साहेबांनी उठून चपला घातल्या, आणि भोरडी कुठे पुरली ती जागा बघायची आहे का, असं त्यांनी बहिणीला विचारलं. थोरलीबाई सपाता घालून त्यांच्याबरोबर मळ्यात गेल्या. आम्ही दोघी पुढचं दार ओढून घेऊन निघालो. रस्त्यात मामी म्हणाली की हे आधीच सांगायला हवं होतं. आणि थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, पण मग इतके चहा झाले नसते.

ती बंदूक साहेबांनी परवान्यासकट सरकारजमा केली. मामा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. तो गेल्यावर मामीने महिनाभर दुकान उघडलं नाही, आणि उघडलं तेव्हा पहिलीच बंदूक अंगणात नेऊन तपासताना ती वळून म्हणाली, "अहो, जा बाजारात." मी दारात उभी होते. तिने पिंपाकडे तोंड फिरवलं आणि बार काढला.

आता तिची नजर कमी झाली आहे. मागच्या टेबलाशी मी बसते आणि ती पुढे, मामाच्या जागी. गेल्या आठवड्यात एक नवीन गिऱ्हाईक आलं, शहरातून बदलून आलेला तरुण अधिकारी. त्याने आदराने विचारलं, आजी, हे काम तुम्ही कुठे शिकलात? मी आतून कान दिला. मामीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि सुस्कारा सोडून त्याला सांगितलं की ती तरुणपणी जहाजावर होती.